तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काय मिळते, काय मिळत नाही? निपाणी, चिकोडी, खानापूर भागातील रुग्णांसाठी माहिती

रात्री-अपरात्री घरात कोणाला बरे वाटेनासे झाले की सीमाभागात पहिला प्रश्न पडतो तो दिशेचा. गाडी काढायची, पण कुठे? निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. खानापूरहून बेळगाव सुमारे २६. कणकुंबीकडच्या माणसाला चोर्ला घाट उतरून गोवाही खुणावतो. जवळचा सरकारी दवाखाना मात्र यापेक्षा कितीतरी कमी अंतरावर असतो. 'तिथं काय होणार आहे' म्हणून काहीजण तो ओलांडून पुढे जातात, तर काहीजण तिथे जे होणारच नाही त्यासाठी तासभर थांबून राहतात. दोन्हीकडे वेळ जातो आणि तो रुग्णाचा जातो.

म्हणून सरकारी दवाखान्यात कोणती सोय असते, कोणती नसते आणि पुढे पाठवले तर खर्चाचे काय, हे अडचण येण्याआधीच ठाऊक असलेले बरे.

पाटीवरचे नाव काय सांगते?

गावपातळीवर उपकेंद्र असते. सपाट भागात ५ हजार आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीला ३० हजार, डोंगराळ भागात २० हजार लोकांमागे एक. इथे एमबीबीएस डॉक्टर, ४ ते ६ खाटा, साधे बाळंतपण, लसीकरण आणि प्राथमिक तपासण्या होतात.

त्याच्या वर समुदाय आरोग्य केंद्र, ज्याला बोलताना सगळे 'सीएचसी' म्हणतात. सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ भागात ८० हजार लोकांमागे एक. खाटा ३०. फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ इथे असावेत, अशी अपेक्षा असते. एक्स-रे, ईसीजी, प्रयोगशाळा आणि ऑपरेशन थिएटर हेही निकषात येते. महाराष्ट्रात याच दर्जाच्या दवाखान्याला 'ग्रामीण रुग्णालय' म्हणतात. कागल आणि चंदगडला ती आहेत. गडहिंग्लजला त्यावरचे उपजिल्हा रुग्णालय आहे.

कर्नाटकात सीएचसीच्या वर तालुका रुग्णालय येते आणि ते साधारण १०० खाटांचे असावे, असे राज्याचे धोरण आहे. चिकोडी, हुक्केरी, खानापूर येथे तालुका रुग्णालये आहेत. चिकोडीतून वेगळ्या झालेल्या निपाणी तालुक्याच्या ठिकाणी महात्मा गांधी रुग्णालय आहे. जिल्ह्याचे शेवटचे ठिकाण म्हणजे बेळगावचे 'सिव्हिल', म्हणजेच बिम्स वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले जिल्हा रुग्णालय.

हे सगळे कागदावरचे निकष झाले. खाटा किती हे पाटीवर लिहिलेले असते, पण आज रात्री कोणता डॉक्टर ड्युटीवर आहे हे पाटी सांगत नाही. दवाखान्याची खरी ताकद त्यावर ठरते. बाळंतपणाच्या बाबतीत हे सर्वात स्पष्ट दिसते.

बाळंतपण : तीन गोष्टी एकत्र हव्यात

साधे बाळंतपण प्राथमिक केंद्रातही व्यवस्थित होते. प्रश्न येतो अडलेल्या बाळंतपणाचा. सिझेरियन करायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जागेवर असाव्या लागतात. तिन्हींपैकी एक नसेल तर थिएटर कितीही चकाचक असो, ऑपरेशन होत नाही. ज्या दवाखान्यात चोवीस तास ही सोय असते त्याला आरोग्य खात्याच्या भाषेत 'एफआरयू', म्हणजे प्रथम संदर्भ केंद्र, असे म्हणतात. प्रत्येक सीएचसी एफआरयू असतेच असे नाही.

रक्ताबाबत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा रक्तसाठा केंद्र असते, रक्तपेढी नव्हे. रक्तपेढीत रक्त गोळा होते, तपासले जाते. साठा केंद्रात मोठ्या पेढीतून आणलेल्या मोजक्या पिशव्या ठेवलेल्या असतात. निगेटिव्ह गटाची बाई असेल तर ती पिशवी तिथे असेलच याची खात्री धरू नये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर दोन तासांत बाईचा जीव जाऊ शकतो. त्या दोन तासांत रक्त शोधायला निघण्यापेक्षा सातव्या महिन्यातच रक्तगट सांगून चौकशी केलेली चांगली.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही मोहीम सुरू आहे. हिमोग्लोबिन फार कमी असणे, रक्तदाब वाढणे, आधीचे सिझेरियन, जुळे, आडवे किंवा पायाळू मूल, यांपैकी काहीही असेल तर बाळंतपण कुठे करायचे हे त्याच तपासणीत डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अशा बाईने कळा सुरू झाल्यावर प्राथमिक केंद्रात जाऊन तिथून पुढे जाण्यापेक्षा थेट सोय असलेल्या ठिकाणी जाणे सुरक्षित.

सरकारी दवाखान्यातले बाळंतपण 'जननी शिशु सुरक्षा' कार्यक्रमाखाली पूर्ण मोफत आहे. हा कार्यक्रम जून २०११ मध्ये सुरू झाला. सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण (साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझेरियनमध्ये ७ दिवस) यांचा खर्च द्यावा लागत नाही. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी सोडण्याची गाडीही मोफत. आजारी बाळाच्या उपचारालाही वर्षभरापर्यंत हीच सवलत आहे.

सीमाभागात सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात, हे नेहमीचेच. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत असल्याने नोंदणी एकीकडे आणि बाळंतपण दुसरीकडे होते. मोफत बाळंतपणाचा हक्क सरकारी दवाखान्यात येणाऱ्या सगळ्याच गरोदर महिलांना आहे, त्यामुळे राज्य बदलले म्हणून तो जात नाही. मात्र कर्नाटकातले तायी कार्ड किंवा महाराष्ट्रातले माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाचा रिपोर्ट आणि आधार कार्ड सोबत असावे. माहेरी आल्या आल्या तिथल्या आशाताईकडे नाव नोंदवावे. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या महिलांना ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात, त्यासाठीही ही नोंद उपयोगी पडते.

साप, कुत्रा आणि कीटकनाशक

उसाचा आणि तंबाखूचा पट्टा असो की खानापूरचे जंगल, सर्पदंश दोन्हीकडे होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच प्रतिविष लस चालते. ती प्राथमिक केंद्रातही उपलब्ध असावी लागते. रक्त गोठण्यात बिघाड झाला आहे का, हे पाहण्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. घोणस किंवा फुरशाचे विष भिनले असेल तर रक्त पातळच राहते. या चाचणीला मोठे यंत्र लागत नाही. लहान मुलालाही प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच देतात, कारण डोस सापाच्या विषासाठी असतो, वजनावर ठरत नाही.

नाग किंवा मण्यार चावल्यावर पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास मंदावणे ही लक्षणे दिसतात. अशा रुग्णाला व्हेंटिलेटर लागू शकतो आणि तो छोट्या केंद्रात नसतो. तरीही पहिली लस जवळच्या केंद्रात सुरू करून मग पुढे निघणे योग्य. चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून दोरी बांधणे, देवळात नेणे यात फक्त वेळ जातो. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला आडवे ठेवून न्यावे. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला, त्यामुळे दवाखान्यात प्रत्येक घटनेची नोंद होते.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे हा अर्धा उपचार आहे. चटणी, चुना, हळद लावू नये. लस कातडीत देतात तेव्हा ती पहिल्या दिवशी, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी घ्यायची असते. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते. ते प्रत्येक केंद्रात मिळेलच असे नाही, म्हणून फोन करून विचारावे. शेवटचा डोस अनेकजण चुकवतात. रेबीज झाल्यावर त्यावर औषध नाही.

कीटकनाशक पोटात गेले किंवा फवारताना अंगावर आले तर बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे. नाव कळले की डॉक्टर नेमके औषध लगेच सुरू करू शकतात. उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नये.

छातीत दुखणे आणि डायलिसिस

छातीत दाबल्यासारखे होणे, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाणे, दरदरून घाम येणे, याला 'पित्त झाले' म्हणून घरी बसू नये. सीएचसी व तालुका रुग्णालयात ईसीजी निघतो. कर्नाटक सरकारने २०२३-२४ मध्ये 'पुनीत राजकुमार हृदयज्योती' योजना आणली. तीत तालुक्यात काढलेला ईसीजी मोठ्या केंद्रातील हृदयतज्ज्ञ पाहतात आणि गरज असल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज इंजेक्शन तालुक्यातच मोफत देतात. हे इंजेक्शन बाजारात महाग आहे आणि जितके लवकर मिळेल तितके हृदयाचे स्नायू वाचतात. अँजिओप्लास्टी मात्र तालुक्याला होत नाही. इंजेक्शननंतर रुग्णाला बेळगाव किंवा कोल्हापूरला हलवावे लागते.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास डायलिसिस लागते. कर्नाटकात तालुका रुग्णालयांत डायलिसिस केंद्रे सुरू केली आहेत. यंत्रे मोजकी असल्याने पाळी लावून घ्यावी लागते.

वखारीतला खोकला

निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांना ठसका नवा नाही. पण 'तंबाखूचाच आहे' म्हणून सोडलेला खोकला कधी कधी क्षयाचा निघतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, बेडक्यात रक्त, यांपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत निदान होते, शिवाय जंतू रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही हेही कळते. तपासणी आणि साधारण सहा महिन्यांची औषधे मोफत आहेत. रुग्णाला पोषणासाठी पूर्वी दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १ हजार झाले. नोंदणीनंतर मिळणारा निक्षय क्रमांक देशभर चालतो. ऊसतोडीला किंवा कामाला महाराष्ट्रात गेले तरी त्या क्रमांकावर तिथल्या केंद्रातून औषध चालू ठेवता येते. मधेच गोळ्या सोडल्या तर पुढचा आजार जास्त हट्टी होतो.

जंगलपट्टीची अडचण

खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात आमगाव, गवाळी, पास्तोळी, कोंगळा अशी गावे आहेत. पावसाळ्यात तिथे रुग्णवाहिका पोहोचत नाही, रुग्णाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा गावांतील गरोदर महिलेने तारीख जवळ आली की आठ-दहा दिवस आधीच तालुक्याच्या किंवा नातलगांच्या गावी येऊन राहणे हाच आजघडीला सुरक्षित उपाय आहे.

याच पट्ट्यात माकडतापाचीही आठवण ठेवावी. हा आजार १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम आढळला. पुढे २०१५-१६ च्या सुमारास गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात रुग्ण सापडले. तो गोचिडीमुळे होतो. जानेवारी ते मेच्या दरम्यान जंगलात जाऊन आल्यावर जोराचा ताप आला तर 'जंगलात गेलो होतो', 'माकड मेलेले पाहिले' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. न सांगितल्यास साधा ताप समजून उपचार होण्याची शक्यता असते.

पुढे पाठवतात तेव्हा

दवाखान्यातून 'पुढे न्या' म्हटले की घाईत नुसते निघू नये. रेफरल चिठ्ठी घ्यावी. तिच्यावर निदान, दिलेली औषधे, वेळ आणि पाठवण्याचे कारण असते. पुढच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो, शिवाय खर्चाच्या योजनेत या चिठ्ठीला किंमत आहे.

'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजना २०१८ पासून सुरू आहे. बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के रक्कम, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, सरकार देते. जे उपचार सरकारी दवाखान्यात होऊ शकतात ते आधी तिथेच घ्यायचे आणि तिथे सोय नसेल तरच रेफरल चिठ्ठीवर खासगी रुग्णालयात जायचे, असा या योजनेचा नियम आहे. चिठ्ठी न घेता परस्पर खासगीत दाखल झाले आणि आजार तातडीच्या यादीत नसेल, तर बिल स्वतःला भरावे लागू शकते. अपघात, हृदयविकाराचा झटका अशा यादीतल्या तातडीच्या उपचारांना मात्र चिठ्ठीची अट नाही.

सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी 'यशस्विनी' ही वेगळी योजना आहे. २००३ मध्ये सुरू झालेली ही योजना २०१८ मध्ये आरोग्य कर्नाटकात विलीन झाली आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. दूध संघ, पतसंस्था, कृषी पत्तीन संघाच्या सभासदांनी नावनोंदणीची मुदत चुकवू नये. मुदत संपल्यावर वर्षभर थांबावे लागते.

सीमा ओलांडली तर

महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये घेतला. कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगावातील नोंदणी केंद्रे प्रशासनाने बंद पाडली. त्यामुळे या योजनेवर विसंबून कोल्हापूरला निघण्याआधी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला फोन करून कोणते कागद चालतात हे विचारणे शहाणपणाचे. आयुष्मान कार्ड इतर राज्यांतील योजनेत असलेल्या रुग्णालयांत चालू शकते, पण तेही आरोग्यमित्राकडून खात्री करूनच.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. कागल, चंदगड, गडहिंग्लजची रुग्णालये या विभागाची. कोल्हापूरचे सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे हा नियम तसाच लागू होत नाही. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉमध्ये जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेतले जाते.

१०८ रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत आहे, पण व्यवस्था वेगवेगळ्या. सीमेवरच्या गावात मोबाईल शेजारच्या राज्याचा टॉवर पकडत असेल तर फोन तिकडच्या कक्षाला लागू शकतो. म्हणून फोन उचलल्यावर आधी राज्य, जिल्हा, तालुका आणि मगच गाव सांगावे. एका नावाची गावे दोन्हीकडे असतात.

कन्नड पाट्या वाचताना

दवाखान्यातल्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. काही शब्द कानावर असले तर धावपळ वाचते. 'तुर्तु चिकित्से' म्हणजे तातडीचे उपचार. 'होररोगी' म्हणजे ओपीडी, 'ओळरोगी' म्हणजे दाखल रुग्ण. 'हेरिगे' म्हणजे बाळंतपण, 'मक्कळ' म्हणजे मुलांचा विभाग. 'प्रयोगालय' म्हणजे रक्त-लघवी तपासण्याची जागा आणि 'रक्तनिधी' म्हणजे रक्तपेढी. दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या डॉक्टरांना मराठी येईलच असे नाही. त्रास कधी सुरू झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे, हे कागदावर लिहून न्यावे किंवा कन्नड येणाऱ्या माणसाला सोबत घ्यावे.

तातडीचा उपचार हा हक्क

अपघातातल्या जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. सरकारी दवाखान्याने तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे याच न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका खटल्यात म्हटले. 'तुम्ही दुसऱ्या राज्याचे' हे कारण सांगून जखमीला किंवा अडलेल्या बाईला दारातून परत पाठवता येत नाही. सोय नसेल तर निदान रुग्णाची स्थिती सावरून, चिठ्ठी आणि गाडी देऊन पाठवणे दवाखान्याचे काम आहे.

आजच विचारून ठेवावे

- जवळचा एफआरयू कोणता? रात्री सिझेरियन होते का?
- तिथे रक्तसाठा केंद्र आहे का? घरातल्या गरोदर बाईच्या गटाचे रक्त असते का?
- सर्पदंशाची लस आणि रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळते?
- ईसीजी चोवीस तास निघतो का?
- घरच्या रेशन कार्डावर कोणती योजना लागू आहे? यशस्विनीची मुदत कधी संपते?
- आशाताई, प्राथमिक केंद्र आणि तालुका रुग्णालयाचे फोन क्रमांक घरातल्या सगळ्यांकडे आहेत का?

यांतली बहुतेक उत्तरे आशाताईकडे किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतात. कर्नाटकात १०४ या क्रमांकावरही आरोग्यविषयक माहिती मिळते. डॉक्टरांच्या बदल्या होत असल्याने ही चौकशी वर्षातून एकदा तरी नव्याने करावी आणि घरात गरोदर बाई असेल तर सातव्या महिन्यात पुन्हा एकदा.